कुर्लीचं तोंड कुठे

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मला कोणी सांगायला नको. चाळिशी अजून लांब आहे. पण मान धरते, गुडघे कुरकुरतात, आणि शाळेतून घरी आल्यावर चपला काढायच्या आधी घडीभर बाकावर बसून राहावं लागतं, तेव्हा वयाचं काय ते मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. परवा पुन्हा नियम बदलल्याचा मेसेज आला. मुलांच्या रोबोट स्पर्धेला मी शाळेतर्फे दरवर्षी जाते, म्हणजे मला पाठवतात, आणि दरवर्षी नियम बदलतात. यंदा म्हणे यंत्रं टेबलावर जमा करून घेतल्यावर मग चिठ्ठी काढून कोणी कुठून सुरुवात करायची ते सांगणार. मुलं म्हणतात, टीचर, हा अन्याय आहे. मी म्हणते, असेल बाबा. मुलं चिडतात ती माझ्या ह्या बोलण्यावर जास्त चिडतात. त्यांना काय सांगू? सुरुवात कुठून करायची हे आपल्या हातात असतं असं मलाही एकदा वाटलं होतं, आणि रेणुकाला तर माझ्याहून जास्त. तिचं एकदा लिहून टाकते, म्हणजे सुटेन.

आमचं घर सुर्ल्याला, रस्त्याला अगदी लागून. मी जन्मले ती ट्रकांच्या आवाजात. सकाळी उजाडायच्या आत पहिला ट्रक खनिज भरून खाली उतरायचा आणि मग दिवसभर एकाच्या शेपटाला एक. आमच्याकडे सगळे मोठ्यानं बोलतात ते त्यामुळे. लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या आमच्या आत्येला सासरी 'भांडते' म्हणून नावं ठेवली, बिचारी नुसती चहा हवा का विचारत होती. तांबडी धूळ तुळशीवर, वाळत घातलेल्या चादरींवर, आईनं झाकून ठेवलेल्या शितावर, म्हणजे भातावरसुद्धा. आई रोज शिव्या घालायची त्या धुळीला. आणि मग एके दिवशी खाणी बंद झाल्या. वरून हुकूम आला, म्हणाले, आणि रस्ता रिकामा. शांतता म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. पोदेराचा भोंगा आता पार खालच्या वळणापासून ऐकू यायचा, पाव घेऊन तो दारात येईपर्यंत आईची पातळभाजी उकळायला लागलेली असायची. बाबांचा टिप्पर आंब्याखाली उभा. कुठे जायचं नाही, यायचं नाही, तरी बाबा तो रोज धुवायचे, काचा पुसायचे, आणि मग व्हरांड्यात बसून त्याच्याकडे बघत राहायचे. धूळ गेली म्हणून आईनं एकदाही आनंद मानल्याचं मला आठवत नाही.

आई मांद्र्याची, म्हणजे पेडण्याची. समुद्राकाठची बाई डोंगराकडच्या धुळीत येऊन पडली होती, आणि हे तिनं बाबांना आयुष्यभर ऐकवलं. मासळीवाली हल्ली आमच्याकडे रोज फिरकत नाही ह्याचा दोषही बाबांना. सुक्या बांगड्याची किसमूर करताना ती खोबरं असं किसायची की बाबा उठून अंगणात जायचे. तिचं बोलणं तिकडचं, मालवणी वळणाचं, आणि तिच्या माहेरचा एक शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जायचा: उजवी. मांद्र्याला मामांच्या घरचं कुठलंही काम देवाला विचारल्याशिवाय होत नसे. विहीर कुठे खणायची, मुलगी द्यायची की नाही, पर्यटकांसाठी आणखी दोन खोल्या बांधायच्या की नाही. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. 'देवानं उजवी दिली' म्हणजे काम झालं. हळूहळू देव मागे पडला आणि शब्द तेवढा राहिला. शाळेच्या सहलीला जाऊ का असं बाबांना विचारलं आणि त्यांनी मान हलवली की आई आतून म्हणायची, दिली उजवी. गॅसचा सिलिंडर येणार का ह्याला सुद्धा तिचं उत्तर तेच. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

रेणुका खानापूरकडची. तिचे वडील, भरमाण्णा, खाणीवर क्रशरच्या कामाला होते, आणि आमच्या घरामागच्या चढावर कामगारांच्या खोल्यांची जी लाइन होती त्यातल्या शेवटच्या खोलीत ते राहायचे. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर. ती बोलायची कमी, आणि बोलली की आम्ही हसायचो, कारण तिच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. अकरावीत गेली तरी ती 'मी जेवलो' म्हणायची आणि आई तिला चिडवायची, जेवलास बाबा, मग आता हात धुव. ती हसायची, हात धुवायची, आणि मग आईच्या मेजाखाली बसून काहीतरी उसवायला घ्यायची. घरातला बंद पडलेला मिक्सर, बाबांचा रेडिओ, जुनी छत्री. उसवलेलं ती पुन्हा जोडायचीच असं नाही, पण आई तिला कधी बोलली नाही. मला बोलायची.

आमचे फिजिक्सचे परब सर वाळपईहून बसनं यायचे. रोबोट स्पर्धेचं खूळ त्यांनी आणलं. आदल्या वर्षी ते आम्हाला फोंड्याला एका कॉलेजात ती स्पर्धा नुसती बघायला घेऊन गेले होते. प्लायवूडचं मोठं पांढरं मैदान, मधोमध रेषेवर ठोकळे मांडलेले, आणि यंत्रानं ते आपलं आपण ढकलत समोरच्या भिंतीजवळच्या पन्हाळीत नेऊन टाकायचे. बटण दाबलं की हात मागे. तेव्हाचे नियम सैल होते: सुरुवातीच्या पट्टीवर यंत्र कुठेही ठेवा, कसंही ठेवा, एक चाक पट्टीवर असलं तरी चाललं. रेणुका घरी येताना बसमधून उतरता उतरता म्हणाली, मी करतो.

आणि केलं. ट्रक उभेच होते, तेव्हा बंद पडलेल्या एका जीपच्या वायपरच्या मोटरी बाबांनी कुणाकडून तरी आणून दिल्या. माझ्याकडे प्रोग्राम लिहायचं काम, तिच्याकडे बाकी सगळं. तिनं डाव्या कोपऱ्यातून सुरू करायचं ठरवलं, भिंतीला धरून सरळ जायचं, आणि यंत्राच्या उजव्या अंगाला एक लांब दांडी, जी मधल्या रेषेवरचे ठोकळे पुढे लोटत नेईल. दांडीचा सांधा खाणीच्या गॅरेजमधल्या वेल्डरनं असा पक्का जोडून दिला की हत्तीनं ओढला तरी निघाला नसता. एकाच बाजूला एक मोठा हात, बुटकं अंग. आईनं बघितलं आणि म्हणाली, ही तर कुर्ली. एक डेंगो मोडलेली कुर्ली, म्हणजे एक नांगी तुटलेला खेकडा. तेच नाव पडलं. आईचा जीव जडला तिच्यावर. एकदा आम्ही शाळेतून आलो तर टिप्परला लावून उरलेल्या काळ्या ऑइलपेंटनं तिनं कुर्लीला पुढच्या बाजूला दोन टपोरे डोळे काढून ठेवले होते आणि मधे कुंकू. मी वैतागले. आई म्हणाली, "आंधळी खंय जातली ती?" रेणुकाला मात्र ते फार आवडलं.

खाणी बंद झाल्यावर लाइनीतल्या खोल्या एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या. कोल्हापूरकडचे आधी गेले, मग सावंतवाडीकडचे. भरमाण्णा रेंगाळले ते मुलीचं अकरावीचं वर्ष पुरं होऊ दे म्हणून. परीक्षा झाली की सगळं बिऱ्हाड गावी, आणि गावी कॉलेज लांब, धाकटी भावंडं, शेणगोठा. रेणुकाचं शिकणं तिथे संपणार हे उघड होतं. तिची मोठी बहीण दहावीनंतर अशीच गेली होती आणि आता तिचं मूल चालायला लागलं होतं. परब सर एकदा मला घेऊन मुद्दाम चढ चढून लाइनीत गेले. भरमाण्णांना म्हणाले, पोर हुशार आहे, बारावी इथेच होऊ द्या, ह्या माझ्या विद्यार्थिनीच्या घरी राहील. आईनं आधीच होकार दिलेला होता. भरमाण्णा भला माणूस, कोणाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. ते जमिनीकडे बघतच म्हणाले, ती स्पर्धा का काय आहे, तिच्यातनं पुण्याच्या फेरीला निवड झाली तर बघू. राहू दे मग बारावीपर्यंत. सर खूष होऊन खाली उतरले. रेणुका त्या दिवसापासून कुर्लीला हात लावायच्या आधी हात धुवायला लागली.

मग नियम बदलले. सरांनी कागद वाचून दाखवला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. पट्टी रद्द. आता दोन चौकोन, एक डावा, एक उजवा, आणि अख्खं यंत्र चौकोनाच्या आत मावलं पाहिजे, दांडीसकट. शिवाय सुरुवातीला यंत्राचं तोंड समोरच्या भिंतीकडेच हवं. आणि कोणता चौकोन कुणाला ते आयोजक ठरवणार. मागणी कळवायची, पण मिळेलच असं नाही, आधी फोन करून सांगू म्हणे. दांडीचं रेणुकानं निभावलं. जुन्या छत्रीच्या काड्या उसवून तिनं अशी काही जोडणी केली की दांडी अंगालगत दुमडून बसायची आणि बटण दाबलं की फाटकन उघडायची. आई त्या फाटकन आवाजाला दरवेळी दचकायची आणि दरवेळी हसायची. राहिला चौकोन. आम्हाला डावाच हवा होता. उजवीकडे ठेवली तर कुर्लीचा हात भिंतीवर घासत जाणार आणि ठोकळे जागच्या जागी. सरांनी डाव्या बाजूची मागणी कळवली. सर म्हणाले, उजवी बाजू दिली तर एक आठवडा मिळेल, वेल्डरकडे जाऊ, सांधा कापू, दुसऱ्या बाजूला लावू. आठवडाभरात होईल ना गो? रेणुका म्हणाली, होईल की.

फोन आला तेव्हा आम्ही घरी नव्हतो. सर वाळपईच्या बसस्टँडवरून बोलत होते, तिथे गाड्यांचा गोंगाट, आमच्याकडे रेंजचा लपंडाव. आम्ही आलो तेव्हा आई दारातच उभी होती, हाताला पीठ, आणि चेहरा मामाकडे मुलगा झाल्यासारखा. "तुमचां काम झालां गो," ती म्हणाली. "सरांचो फोन येयल्लो." रेणुका तिथेच पायरीवर बसली. मी तिला आजवर रडताना बघितली नव्हती, त्या दिवशी बघितली, आणि आई पिठाच्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. केसांत सगळं पीठ. संध्याकाळी मणगणें केलं होतं, चण्याच्या डाळीचं, गूळ जरा जास्त झालेलं. रेणुका दोनदा मागून जेवली. दुसऱ्या दिवसापासून सरांची बारावीच्या परीक्षेच्या कामावर दुसरीकडे रवानगी झाली, ते थेट स्पर्धेच्या सकाळीच भेटणार होते. आम्ही आठवडाभर डाव्या कोपऱ्यातून कुर्ली चालवली. अंगणात खडूनं चौकोन आखला होता. एकदाही चुकली नाही ती.

स्पर्धेच्या सकाळी फोंड्याच्या त्या कॉलेजच्या सभागृहात सर आम्हाला भेटले ते हसत हसत. कुर्ली बघितली आणि त्यांचं हसू जागीच राहिलं. हात अजून उजव्या अंगाला कसा, त्यांनी विचारलं. आम्हाला प्रश्नच कळला नाही. सर म्हणाले, अगो, मी फोन केला होता ना, तुझ्या आईला स्पष्ट सांगितलं, मुलींना सांगा उजवी दिली म्हणून. दोनदा सांगितलं. उजवी दिली, उजवी दिली. त्या म्हणाल्या, बरं झालं सर, देव पावलो. मला वाटलं, धीराची बाई आहे.

मला लगेच समजलं. मी रेणुकाकडे बघितलं, तर तिलाही समजलं होतं. इतकी वर्षं आमच्या मेजाखाली बसून तिनं तो शब्द माझ्याइतकाच ऐकला होता. सर बिचारे पेडण्याचे नव्हते, त्यांना उलगडून सांगावं लागलं. ते ऐकून सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. आई गो, काय करून ठेवलंस, एवढंच माझ्या मनात. राग आला का? आला. पण तिच्या त्या पिठाच्या हातावर कसा ओतायचा राग, मला कळेना, आणि आजही कळत नाही.

रेणुका मात्र आधीच खाली बसून कुर्लीकडे टक लावून होती. वेल्डिंग तिथे होणं शक्य नव्हतं. मग ती एकदम मला म्हणाली, फिरव. उलटी ठेव. मला कळायला क्षण लागला आणि मग अंगावर शहारा आला, इतकं ते सोपं होतं. उजव्या चौकोनात कुर्ली पाठमोरी ठेवली की तिचा हात आपसूक मधल्या रेषेकडे येतो. मोटरीच्या तारांची अदलाबदल केली की ती मागे चालायची ती आमच्या दृष्टीनं पुढे. दांडी काय, दोन्ही बाजूंनी सारखीच ढकलत होती. तारा बदलायला काहीच वेळ लागला नाही. कोपऱ्यात चालवून बघितली, चालली. सर उठून उभे राहिले, माझा हात त्यांनी इतका दाबला की बांगडी रुतली.

पंच म्हणून एक तरुण मुलगा होता, गळ्यात शिट्टी, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, सकाळपासून सगळ्यांशी हुज्जत घालून थकलेला. आता मी स्वतः पंचांच्या टेबलाजवळ उभी असते तेव्हा मला त्याची कीव येते. तेव्हा नाही आली. रेणुकानं कुर्ली चौकोनात ठेवली. त्यानं नियम सांगितला, तोंड समोर हवं. रेणुका म्हणाली, हेच तोंड. आमच्या यंत्राची पुढची बाजू हीच. खोटं नव्हतं ते, सरळ चौकोनी डबा, त्याला पुढचं काय आणि मागचं काय. तो मान डोलावून पुढे जाणार इतक्यात त्यानं सवयीनं कुर्ली उचलून दुसऱ्या बाजूनं बघितली. आईचे दोन डोळे त्याच्याकडे टकामका बघत होते, मधे कुंकू.

"मग हे काय?" तो म्हणाला.

बाजूची पोरं फिदीफिदी हसली. मी सांगायला लागले की कुर्ली आडवी चालते, तिला पुढे-मागे नसतं, डोळे नुसते शोभेला आहेत, घरच्यांनी काढले. रेणुकानं ओढणीच्या टोकाला थुंकी लावून खसाखसा घासायला घेतलं. कुंकू निघालं. ऑइलपेंट कुठला निघतोय, बाबांच्या टिप्परवर तो सात पावसाळे टिकला होता. पंच वाईट माणूस नव्हता, तो खाली वाकून हळूच म्हणाला, "डोळे आहेत तिकडे तोंड. ते मी नाही काढले." नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. सर त्याच्याशी इंग्रजीतून बोलून आले, मग कोकणीतून बोलून आले. काही झालं नाही.

आम्ही तारा पुन्हा बदलल्या. मिळाला त्या वेळात रेणुकानं कुणाची तरी लाकडी फूटपट्टी मागून घेतली आणि कुर्लीच्या डाव्या अंगाला तारेनं आवळून बांधली, दुसरा हात म्हणून. शिट्टी झाली, बटण दाबलं. छत्रीची दांडी सवयीप्रमाणे फाटकन उघडली ती उजवीकडे, जाऊन भिंतीवर आपटली, आणि कुर्ली जराशी तिरकी झाली. तरी चालली. फूटपट्टीनं पहिला ठोकळा लोटला, दुसरा लोटला, मग तार सैल पडली आणि पट्टी मागे वळून शेपटासारखी घसटत यायला लागली. कुर्ली भिंत घासत, कण्हत, समोरच्या पन्हाळीपाशी पोचली ती एक ठोकळा घेऊन. सरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या एकट्याच्या टाळ्या त्या सभागृहात फार वाईट वाटल्या. पुण्याला जाणाऱ्यांची नावं जेवणानंतर वाचली, त्यात आम्ही नव्हतो, आणि ते ऐकायला थांबायची गरज नव्हती तरी रेणुका शेवटचं नाव होईपर्यंत उभी राहिली.

बसमध्ये कुर्ली तिच्या मांडीवर. डिचोली यायच्या थोडं आधी ती मला म्हणाली, काकींना सांगायचं नाही. मी म्हटलं, मग काय सांगायचं? ती म्हणाली, मशीन बंद पडलं म्हणायचं, मशिनं पडतात की बंद. घरी आई ताट वाढून वाट बघत होती. रेणुकानं तेच सांगितलं, अगदी साध्या आवाजात, आणि शीत-कढी खाऊन वर लाइनीत निघून गेली. आई कुर्लीसमोर उकिडवी बसून राहिली. कुंकू कसं पुसलं गेलं, तिनं विचारलं. मी म्हटलं, घामानं.

पण आई ती आई. दोन-तीन दिवसांनी सर घरी आले, समजूत घालायला. त्यांना चहा देता देता तिनंच विषय काढला. म्हणाली, सर, देवानं उजवी दिली होती, मग असं कसं झालं? सर गोंधळले. मला खुणा करायला वेळच मिळाला नाही. सर म्हणाले, उजवीच दिली होती हो, पण ह्यांना डावी हवी होती ना. आईनं हातातली किटली मेजावर ठेवली.  सर गेल्यावर तिनं मला फक्त दोन गोष्टी विचारल्या: फोनवर 'उजवी' म्हणजे तो चौकोन होता का, आणि डोळ्यांचं काय झालं. म्हणजे तिला कुंकवावरूनच काहीतरी वास लागला होता. मी सगळं सांगितलं. तिनं पदर नीट केला, दार ओढून घेतलं आणि चढाला लागली. मी मागोमाग.

लाइनीत शेवटच्या खोलीत आवराआवर झालेली होती. पत्र्याची पेटी, दोरीनं बांधलेली गाठोडी, दाराशी उलटी घातलेली बाल्दी. भरमाण्णा वळकटीवर बसले होते, आम्हाला बघून उठले, बसा की वहिनी म्हणाले आणि आतल्या पडद्याकडे तोंड करून चहा टाकायला सांगितलं. रेणुका आत होती, स्टोव्हचा आवाज येत होता. आई बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, जसं गाऱ्हाणं घालतात तसं, एका दमात: फोन मी घेतला, चुकीचं ऐकलं ते मी, डोळे काढले ते मी, पोरीची काही चूक नाही, ती हरली नाही, तिला मी हरवली. आणि मग म्हणाली, "भरमाण्णा, तुमचो शब्द होतो तसोच ठेवा. पोर माझ्याकडे ऱ्हांवदी. माझ्या चुकीची शिक्षा तिका नको."  आईला असं कोणापुढे बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. बाबांपुढे तर नाहीच.

भरमाण्णा कसेनुसे झाले. दोन्ही हात जोडून म्हणाले, नका हो वहिनी असं बोलू. मग खाली बसले, टाळूवरून हात फिरवला. बोलू की नको असं त्यांचं चाललं होतं. एवढ्या भल्या बाईला मनाला लावून घेऊ द्यायचं नाही, म्हणूनच बोलले ते, हे मला तेव्हाही कळत होतं.

"तुम्ही उगा जीव जाळून घेऊ नका," ते म्हणाले. "खरं ते सांगतो. ती निवडून आली असती तर माझीच पंचाईत होती. सर एवढे चढ चढून आले, त्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून बघू म्हटलं. पोरीला मागं ठेवून जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. हरली म्हणून कळलं, आणि शपथ सांगतो वहिनी, छातीवरचं ओझं उतरलं. आता नाही म्हणायला नको कुणाला."

  स्टोव्ह कधी बंद झाला होता ते आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रेणुका पडद्यामागून बाहेर आली, हातात ताटलीवर तीन कप, काळा चहा. तिनं पहिला आईला दिला, मग मला, मग वडिलांच्या पुढे वाकून तिसरा जमिनीवर ठेवला. ती रडत नव्हती. ती फार दमल्यासारखी दिसत होती, एवढंच.

"मग आधी सांगायचं की, आप्पा," ती म्हणाली. "मजेत खेळलो असतो की मी."